टेकडीवरचा क्वांग शूयुआन

क्वांग शूयुआनची कबर एका बाजूनं खचली आहे, हे सांगायला त्याचा मामेभाऊ लियाव मानशेंग गावाहून वूछांगला आला, तेव्हा क्वांग शूयुआन स्वतः व्हरांड्यात बसून दुपारचा चहा पीत होता. शरद सरत आला होता. बंगल्यामागच्या तळ्यावरून ओलसर वारा येत होता. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं झडती घेऊन मानशेंगला आत सोडलं होतं, आणि झडतीत विस्कटलेलं सुक्या बांबूच्या कोंबांचं गाठोडं पुन्हा बांधत तो पायरीवरच उभा राहिला होता. पक्षाच्या प्रांत समितीचा पहिला चिटणीस आपला सख्खा आतेभाऊ आहे, ही गोष्ट त्याला गावात बसून जितकी खरी वाटे तितकी इथं वेताच्या खुर्चीसमोर वाटत नसावी.

"बस की रे."

"बसतो. आधी सांगून टाकतो, दादा. यंदा पाऊस फार झाला. टेकडीवरची तुमची कबर उताराच्या अंगानं खचलीये. आतलं दिसायला लागलंय."

"आतलं म्हणजे काय?"

"हाडं."

क्वांगनं पेला खाली ठेवला. "कोणाची?"

मानशेंग गोंधळला. इतक्या लांब येताना हा प्रश्न कोणी विचारेल असं त्याच्या मनातही आलं नसावं. "आता... तुमचीच म्हणायची की, दादा."

क्वांग हसला. हसू मोठं आलं, पण ते आपल्या तोंडातून न येता पाठीमागच्या खोलीतून आल्यासारखं त्याला वाटलं आणि त्यानं ते मधेच थांबवलं. "अरे, ती कपड्यांची कबर आहे. प्रेत मिळालं नाही की कपडे पुरतात. आईनं माझे कपडे पुरले होते."

"कपडे आहेतच की. अंगावर आहेत." मानशेंग आता कुठे खुर्चीच्या कडेला टेकला. "मी सहा-सात वर्षांचा असेन. माझा बाप आणि आत्या हातगाडी घेऊन हानकौला गेले होते. परत आले तेव्हा गाडीवर गवत टाकलेलं होतं. मला जवळ येऊ दिलं नाही. आत्या गाडीशी बोलत होती, एवढं आठवतंय. आला रे गाव, म्हणत होती."

एकोणीसशे अठ्ठावन्न साली कबरी नांगरून त्यांचं शेत करायचा हुकूम निघाला होता आणि त्यावर सही क्वांगची होती. मग ही एक कशी राहिली, असं त्यानं विचारलं. मानशेंग म्हणाला, सगळ्या नांगरल्या, माझ्या बापाचीसुद्धा नांगरली. पण तुमच्यावर नांगर कोण घालणार? भोवतीनं गहू पेरला. हे तो तक्रारीनं म्हणत नव्हता. त्यात थोडा अभिमानच होता.

"बुजवून टाका."

"आतल्यासकट?"

"आतल्यासकट."

मानशेंग जेवला, उरलेला भात नको म्हणत असतानाही संपवला, आणि दिवस असतानाच निघाला. फाटकाशी पोचल्यावर तो वळून म्हणाला, "आत्या असती तर म्हणाली असती, लवकर बुजवा, त्याला गार लागत असेल." मग पहारेकऱ्याला उगाचच वाकून नमस्कार करून तो गेला. क्वांग तिथंच बसून राहिला. चहा गार झाला. आत फोन वाजला, सचिव फाननं तो घेतला, दबक्या आवाजात काही बोलला. व्हरांड्याच्या फरशीवर बांबूच्या कोंबांचा आंबूस वास पसरला होता आणि त्या वासाखालून हळूहळू दुसरा एक वास वर येत होता, शिशाचा, छापखान्याच्या शाईचा.

आ-छुन हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. सत्तावीसच्या त्या हिवाळ्यात, हानकौत सरकारी शिपाई रोज माणसं पकडून गोळ्या घालत होते तेव्हा, खरं नाव विचारायचं नाही आणि कळलंच तर विसरायचं, असा पक्षाच्या गुप्त गटाचा शिरस्ता होता. आ-छुन छापखान्यात जुळारी होता. दिवसा व्यापाऱ्यांच्या जाहिरातींचे खिळे जुळवायचा आणि मालक जेवायला गेला की त्याच खिळ्यांतून संपाची पत्रकं. त्या संध्याकाळी क्वांगला नदीपलीकडे जायचं होतं. घाटावर शिपाई उभे होते आणि ते लांब अंगरखेवाल्या शिकलेल्या पोरांना बाजूला काढत होते. क्वांगच्या अंगात निळा, रुई भरलेला लांब अंगरखा होता, शिक्षकशाळेत जाताना आईनं शिवलेला. वसतिगृहात कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून कॉलरच्या आतल्या बाजूला तिनं लाल रेशमानं त्याचं नाव भरून ठेवलं होतं. आ-छुन म्हणाला, "दे इकडे. एक संध्याकाळ मीपण साहेब होतो." स्वतःचं आखूड, तेलकट जाकीट काढून त्यानं क्वांगच्या अंगावर टाकलं. अंगरखा चढवून तो दोन्ही हात बाह्यांत घालून मास्तरासारखा चालून दाखवत होता आणि दोघंही हसत होते. थंडी इतकी होती की अंगरख्यात शिरल्याबरोबर आ-छुनचा चेहरा सैल झाला, सुखावला. एवढं क्वांगला नक्की आठवतं: चेहरा सुखावला. पण कोणता चेहरा? नाक कसं होतं, डोळे कसे होते? आवाज आठवतो. हात आठवतात, नखांत शाई बसलेले. जिथं चेहरा असायला हवा तिथं नुसतं सुखावणं आहे, त्याला माणूस नाही.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काठावर, एका चहाच्या टपरीबाहेर, लोकांच्या खांद्यांवरून त्यानं भिंतीवरचं पत्रक वाचलं. बंडखोर क्वांग शूयुआन याला काल देहांत शासन झालं. शेजारी उभा असलेला एक हमाल वाचता येत नव्हतं म्हणून त्याला म्हणाला, "काय लिहिलंय, मास्तर?" आणि त्यानं वाचून दाखवलं. आवाज कापला नाही. हमाल म्हणाला, "पोरगाच असेल." तो म्हणाला, "हो. पोरगाच होता." त्या क्षणी आपल्याला काय वाटलं हे तो पुढे कोणालाच सांगू शकला नाही. दुःख झालं होतं. पण त्याच्या आधी, दुःखाच्या अर्धा श्वास आधी, अंग हलकं झालं होतं. आता आपल्याला कोणी शोधणार नाही. पक्षालाही ते सोयीचं झालं. मेलेल्या माणसाला कुठंही पाठवता येतं. त्याला डोंगरात पाठवलं, वेढ्यांतून पाठवलं, ज्या कामातून कोणी परत येत नसे त्या कामांवर पाठवलं, आणि तो परत येत गेला. आ-छुनचं जाकीट त्यानं फाटेपर्यंत वापरलं. बरोबरची माणसं म्हणत, क्वांगला गोळी लागत नाही. तो तुकडीचा राजकीय प्रमुख झाला, मग फौजेचा, मग एकोणपन्नासच्या वसंतात फुलांनी मढवलेल्या ट्रकमध्ये उभा राहून तो याच शहरात शिरला. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं त्याचं नाव घेऊन ओरडत होती आणि हात हलवताना त्याला वाटलं होतं की ही माणसं आपल्या खांद्यावरून पलीकडे, ट्रकमध्ये आपल्या मागं उभ्या असलेल्या कोणाकडे तरी बघताहेत.

त्यानंतर तो आईला भेटायला गेला होता. पन्नास साल असेल. जीप खालच्या ओढ्याशी थांबवून तो चढ चालून गेला. सगळं गाव मागून येत होतं. आई दारात उभी होती, खूप लहान झालेली. त्यानं वाकून हाक मारली. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग बाजूला सरून म्हणाली, "या, आत या. दमला असाल." तिनं गरम पाण्यात साखर घातली, त्यात दोन अंडी फोडून सोडली आणि वाडगा दोन्ही हातांनी त्याच्यापुढे ठेवला, लांबच्या पाहुण्यापुढे ठेवावा तसा. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला अहो-जाहो करत होती. तो म्हणाला, "आई, मी शूयुआन." ती म्हणाली, "तुम्ही फार चांगले आहात." मग सदऱ्याची कड बोटाला गुंडाळत तिनं विचारलं, "तुम्ही त्याच्याबरोबर होता का शेवटी? त्याला तहान लागली होती का?" गावचा प्रमुख पुढं होऊन म्हणाला, "काकू, अहो हाच तुमचा मुलगा, केवढा मोठा झालाय." ती समजुतीनं हसली. "माझा वर टेकडीवर आहे," ती म्हणाली. म्हातारपणाचा भ्रम, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यानं तिला शहरात न्यायची तयारी केली, ती आली नाही. त्याला रोज भात द्यायचा असतो, म्हणाली. ती साठच्या वसंतात गेली. तेव्हा प्रांतात धान्य मुबलक असल्याचे आकडे त्याच्या सहीनं वर जात होते आणि गावांत माणसं झाडांच्या साली उकळून खात होती. तो अंत्यविधीला गेला नाही, बैठक होती. त्या साली टेकडीवर काय ठेवत होती ती, हे त्यानं आज मानशेंगला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण त्याला उत्तर माहीत होतं. पाणी ठेवत असणार.

त्या हिवाळ्यात क्वांगला झोप लागेनाशी झाली असं म्हणता येणार नाही. उलट झोप फार गाढ लागायची आणि सकाळी उठल्यावर तोंडात मातीची चव असायची. बैठकीत बोलताना एखादं वाक्य अर्ध्यावर आलं की ते पुढे कसं संपणार याची त्याला उत्सुकता वाटे, दुसऱ्याचं भाषण ऐकताना वाटते तशी. आपण जे हुकूम काढले, ज्या माणसांना वर आणलं, ज्यांना खाली ढकललं, ते सगळं एका उसन्या घेतलेल्या जागेत बसून केलं, असा विचार येई आणि त्याची लाज वाटण्याऐवजी एक चमत्कारिक कुतूहल वाटे: जागा ज्याची होती त्यानं काय केलं असतं? त्यानं साठ साली आकड्यांवर सही केली असती का? एकदा दाढी करताना वस्तरा लागला आणि रक्त आलेलं पाहून त्याला इतकं बरं वाटलं की तो ते पुसायचं विसरला. रुईयुन, त्याची मुलगी, नाश्त्याला समोर बसली होती. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. सतरा वर्षांची ती पोर घरातली एकटीच मोठी बाई असल्यासारखी वागायची. "बाबा, हनुवटी," ती म्हणाली आणि स्वतःच्या रुमालानं तिनं ती पुसली. "हल्ली तुमचं लक्ष कुठं असतं?"

शेवटी त्यानं फानला बोलावलं. फान त्याचा सचिव, अकरा वर्षं बरोबर होता. त्याला कोणती पेन्सिल लागते, कोणत्या भाज्या चालत नाहीत, सगळं त्याला ठाऊक. क्वांग खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "सत्तावीसच्या हिवाळ्यात हानकौत माझ्या नावावर एक माणूस मारला गेला. जुळारी होता. त्याचं खरं नाव काय, घर कुठं, मागं कोणी आहे का, बघ." "तुमच्या नावावर," फान म्हणाला, प्रश्न नव्हता तो. "हो." "आणि पुरलाय कुठं?" क्वांगनं सांगितलं. हे करताना त्याला फार दिवसांनी काहीतरी सरळ केल्यासारखं वाटलं. फाननं चार महिने चौकशी केली. छापखाना जळाला होता, मालक पळून गेला होता, त्या गटातलं कोणी जिवंत नव्हतं. नाव मिळालं नाही. पण एक प्रश्न आता कागदांतून फिरू लागला होता, आणि प्रश्न असा होता: क्वांग शूयुआनच्या कबरीत कोण आहे?

मग सहासष्टचा उन्हाळा आला. क्रांतीच्या नावानं पेटलेल्या विद्यार्थ्यांचं ते वादळ बाकी सगळीकडे आलं तसंच त्याच्याही दारी आलं. आधी फोन यायचे कमी झाले. न्हावी येईना. फाटकावरचा पहारेकरी तोच होता, पण आता त्याचं तोंड आतल्या बाजूला होतं. भिंतींवर मोठ्या अक्षरांची पत्रकं चिकटली, त्यात इतरांबद्दल असायचं तेच याच्याबद्दलही होतं: भांडवलशाहीच्या वाटेनं जाणारा, जनतेच्या डोक्यावर बसलेला. त्यातलं बरंचसं खरं आहे असं त्याला वाटलं आणि म्हणून ते सोपं गेलं. मैदानात उंच कागदी टोपी घालून, हात मागं ओढून त्याला वाकवलं तेव्हा त्याला समोर फक्त चपला दिसत होत्या, शेकडो कापडी चपला, आणि त्याचं नाव आकाशातून पडल्यासारखं खाली येत होतं. हेही सहन झालं. पण एके दिवशी फान चौकशी गटाच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेला होता, मान खाली घालून, आणि गटाची प्रमुख, चष्मा लावणारी एक शांत विद्यार्थिनी, अगदी हळू आवाजात म्हणाली, "आम्हाला तुमच्या चुकांत रस नाही. कॉम्रेड क्वांग शूयुआन सत्तावीस साली हुतात्मा झाले. त्यांच्या आईनं त्यांना ओळखून पुरलं. पन्नास साली तुम्ही त्यांच्या घरी गेलात तेव्हा तिनं तुम्हाला ओळखलं नाही. साधा प्रश्न आहे. तुम्ही कोण?"

तिच्या आवाजात द्वेष नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. आणि क्वांगच्या मनात पहिला विचार आला तो हा की, इतक्या वर्षांत नेमकं विचारणारं कोणीतरी भेटलं. त्यानं सगळं सांगितलं, घाट, अंगरखा, जाकीट. ती चष्मेवाली मुलगी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "याला साक्षीदार कोण?" साक्षीदार टेकडीवर होता. रोज सांगता सांगता ती गोष्ट झिजत गेली. सांगताना आता कधी तो अंगरखा देणारा असे, कधी घेणारा; एकदा त्याच्या तोंडून चुकून निघून गेलं, "मी अंगरखा चढवला तेव्हा फार ऊब वाटली," आणि फाननं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत भीती होती. मुलीनं फक्त विचारलं, "पुढे?"

बंगल्यातली एकच खोली त्यांना ठेवली होती. दुपारची वेळ होती, रुईयुन कपड्यांचं गाठोडं बांधत होती. तिला शाळेत सगळ्यांसमोर उभं करून विचारलं होतं, हे तिनं सांगितलं नाही, पण तिच्या वेण्या कापलेल्या होत्या. ती त्याच्यासमोर येऊन बसली, लहानपणी गणित अडलं की बसायची तशी. "बाबा, मी एकदाच विचारते. बाकी कोणाचं मी ऐकणार नाही. तुम्ही म्हणालात तर मी त्यांच्या तोंडावर सांगेन, मग काय करायचं ते करू देत. तुम्ही क्वांग शूयुआनच आहात ना?"

हो, म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. त्यानं तोंड उघडलं आणि आधी स्वतःची खात्री करून घ्यावी म्हणून आत वळून पाहिलं. शाळा आठवली, ओढा आठवला, आईच्या हातातली सुई आठवली. पण हे सगळं आ-छुनलाही सांगितलं होतं की त्यानं, थंडीच्या त्या दिवसांत, एका पांघरुणाखाली पडून, सांगायला दुसरं काही नसायचं म्हणून. मग आ-छुनलाही ते आठवलं असतं. आ-छुनचं गाव कोणतं होतं? त्यानंही काही सांगितलं असेलच. त्यातलं काहीच कसं आठवत नाही? की जे आठवतंय तेच त्यानं सांगितलेलं? समोर रुईयुनचा चेहरा होता, आणि तो आधी आशेनं ताणलेला, मग कोरा, मग हळूहळू बंद होत गेलेला त्याला दिसत होता, आणि तरी तो आत शोधतच राहिला. ती उठली. गाठोडं काखेत घेऊन दारात एकदा थांबली. "चहा ठेवलाय," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेच्या भिंतीवर पत्रक लागलं, की त्या माणसाशी माझा काही संबंध नाही, कारण तो कोण आहे हे त्यालाच सांगता येत नाही. एवढंच एक वाक्य होतं म्हणे. लोकांना ते फार सौम्य वाटलं.

पुढच्या वसंतात त्याला ट्रकमधून गावी नेलं. मोहरीची शेतं पिवळीधमक झाली होती, मधमाश्यांचा आवाज ट्रकच्या आवाजावरून ऐकू येत होता. गाव जमलं होतं, पण ओरडत कोणी नव्हतं. विद्यार्थी घोषणा द्यायचे आणि गाव नुसतं ओठ हलवायचं. टेकडीवर गहू गुडघाभर होता आणि मधोमध तो उंचवटा, मानशेंगनं चुना घालून नीट बुजवलेला. क्वांगच्या हातात फावडं दिलं. माती मऊ होती. खणताना त्याला श्रम वाटले नाहीत. प्रत्येक फावड्याबरोबर खालून थंडावा येत होता, उन्हातून विहिरीत उतरावं तसा. आधी निळसर काळं काहीतरी लागलं, मातीत विरलेली रुई. मग बरगड्या, मग कवटी, एका बाजूनं फुटलेली. तो गुडघ्यांवर बसून हातांनी माती काढू लागला. कोणी त्याला तसं सांगितलं नव्हतं. त्या कवटीवर तो आ-छुनचा चेहरा बसवून पाहत होता, आणि पुन्हा पुन्हा एकच चेहरा बसत होता, तेवीस वर्षांचा, शाळेच्या फोटोतला, त्याचा स्वतःचा. मानेखाली एक चिंधी चिकटली होती. चष्मेवाल्या मुलीनं वाकून ती उचलली, फुंकर मारली, उन्हात धरली. कापड गेलं होतं, रेशीम राहिलं होतं. तिनं मोठ्यानं वाचलं: "क्वांग शूयुआन."

गाव इतकं शांत झालं की मधमाश्या जवळ आल्यासारख्या वाटल्या.

मानशेंगला पुढं ढकललं. "तुम्ही नातेवाईक. सांगा, यातला तुमचा भाऊ कोणता?"

मानशेंगच्या दोन्ही बाजूंना पट्टे हातात घेतलेली पोरं उभी होती. त्यानं क्वांगकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं. "आत्या म्हणायची, माझा वर आहे," तो पुटपुटला. "मी लहान होतो. मी काय सांगणार?"

"नीट सांगा."

मानशेंगनं श्वास घेतला. तो आता खोटं, की खरं, जे काही असेल ते, आपल्या बाजूनं बोलणार आणि त्याबद्दल मार खाणार, हे क्वांगला दिसलं. खड्ड्यातून वर न बघताच तो म्हणाला, "त्याला विचारू नका. क्वांग शूयुआन हा आहे."

"मग तुम्ही?"

"मी त्याच्याबरोबर होतो," तो म्हणाला. आणि चहाच्या टपरीबाहेर त्या भिंतीपाशी झालं होतं तसं अंग हलकं झालं.

त्याला गावातच ठेवलं, म्हशींच्या गोठ्याशेजारच्या खोपटात. नाव नव्हतं, गावानं त्याला पाहुणा म्हणायला सुरुवात केली, आणि आठ-दहा महिन्यांत त्यातला टोमणा झिजून ते नुसतं नाव झालं. मानशेंग पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे करू लागला. "जेवलास का? रताळं आणलंय, गरम आहे तोवर खा." एवढं साधं त्याच्याशी किती वर्षांत कोणी बोललं नव्हतं. कबर पुन्हा बांधली, वर लाल चांदणीची पाटी लागली, आणि छिंगमिंगला, पितरांच्या दिवशी, शाळेची पोरं कागदी पांढरी फुलं घेऊन येऊ लागली. तण उपटायचं काम पाहुण्याकडे होतं. पोरं ओळीत उभी राहत, मास्तरीण हुतात्मा क्वांग शूयुआनची गोष्ट सांगे, आणि तो मागं, खुरपं हातात धरून ऐकत असे. गरीब घरातला हुशार मुलगा. पावसात भिजत शाळेला जाणारा. संपातल्या मजुरांना स्वतःच्या वाटणीचा भात देणारा. भर तारुण्यात, गोळ्या घालणाऱ्यांकडे बघून हसणारा. तिथं गोष्ट संपे. पुढे कोणतेही हुकूम नव्हते, आकडे नव्हते, नांगरलेल्या कबरी नव्हत्या, साठ सालचा वसंत नव्हता. दर वर्षी ती ऐकताना त्याला वाटे, बरं झालं. जे आपल्याकडून बिघडलं ते या पोरासाठी शाबूत राहिलं. लोक पांगले की तो तिथं थोडा वेळ बसे आणि कधी कधी पाण्याचा वाडगा ठेवून येई. एकदा दुसऱ्या दिवशी वाडगा रिकामा होता. पाखरं पितात, मानशेंग म्हणाला. पण त्यानंतर मानशेंगनं स्वतः तिकडे जायचं सोडलं.

एकोणऐंशीच्या वसंतात ओढ्याशी जीप थांबली. दोन अधिकारी आले, आणि त्यांच्यामागून, चढाला धापा टाकत, आखूड केसांची एक बाई. तो गोठ्याच्या दारात वैरण कापत होता. ती समोर येऊन उभी राहिली.

"बाबा. मी रुईयुन."

"ओळखलं."

तिच्या केसांत पांढरं दिसत होतं. ती रडली नाही. विळा त्याच्या हातातून काढून तिनं बाजूला ठेवला आणि त्याची बोटं धरून ठेवली. "तुमचा खटला चुकीचा होता असं ठरलंय. सगळं परत मिळणार, नाव, घर, सगळं. फाननं लिहून दिलंय." मग खाली बघत, "त्या दिवशी तुम्ही लगेच हो म्हणाला असतात तर?"

"आठवून बघत होतो," तो म्हणाला. "तू गेलीस तेव्हाही बघतच होतो."

अधिकारी सभ्य होते, घाईतही होते. शाळेच्या आवारात छोटी सभा होईल, नाव पुकारलं की पुढं यायचं, निर्णय वाचून दाखवतील, मग जीपनं शहरात. त्यानं विचारलं, "वरच्याचं काय करणार?"

"कोणत्या वरच्याचं?"

"टेकडीवरच्याचं. पाटीवरून नाव काढाल. मग त्याला काय म्हणायचं?"

थोरला म्हणाला, "त्याची कुठं नोंद नाही, काका. अनामिक हुतात्मा असं लिहू. मान राहील त्याचा."

"त्याच्या अंगावर ते नाव तेवढंच आहे," तो म्हणाला. पण ते हळू बोलला, आणि थोरला अधिकारी तोवर कोणाला तरी खुर्च्या लावायला सांगत होता.

आवार भरलं. पोरं पुढं मांडी घालून बसली, बाया भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, मानशेंगनं धुतलेला सदरा घातला होता. रुईयुन त्याचा दंड धरून शेजारी उभी होती. तिच्या तळहाताची ऊब बाहीतून आत येत होती आणि ती आपलीच आहे, आपल्यासाठी आहे, हे त्याला पटत होतं. त्याला जायचं होतं तिच्याबरोबर. अधिकाऱ्यानं घसा साफ केला आणि कागदावरून पुकारलं, "कॉम्रेड क्वांग शूयुआन."

सगळी तोंडं पाहुण्याकडे वळली. तो जागचा हलला नाही. त्यानं मान वळवून भिंतीवरून वर, टेकडीकडे पाहिलं आणि अदबीनं, दुसऱ्याला हाक आली असता आपण मधे बोलू नये तसा, तो गप्प राहिला. अधिकाऱ्यानं पुन्हा नाव घेतलं. दंडावरची पकड घट्ट झाली, "बाबा," रुईयुन कानाशी म्हणाली, आणि मग तिचाही शब्द थांबला, कारण वर, वारा पडलेला असताना, उंचवट्याभोवतीचा गहू एका जागी हलत होता. तिसऱ्यांदा नाव पुकारताना अधिकाऱ्यानं तोंड टेकडीकडे केलं होतं.